'खबर' आणि 'इसम' : अरबी वाक्यात भेटलेले आपले शब्द

– अरबीच्या व्याकरणात वाक्याच्या एका भागाला 'खबर' म्हणतात असं वाचलं. आपली खबरबात ती हीच का? आणि क्रियापद आधी की कर्ता, तेही कुणी समजावून सांगेल का?

– हीच ती. 'अल्-बैतु कबीरुन' म्हणजे घर मोठं आहे. यात 'आहे'साठी शब्दच नाही. आपणही 'घर मोठं, अंगण लहान' म्हणतोच की. ज्यापासून सुरुवात केली ते घर 'मुब्तदा', आणि त्याच्याविषयी जे कळवलं ती 'खबर'. आपल्या 'विधेय'पेक्षा मला हा शब्द फार जिवंत वाटतो. नामाने सुरू होणाऱ्या अशा वाक्याला 'जुमला इस्मिया' म्हणतात; 'जुमला' म्हणजे वाक्य. 'इस्म' म्हणजे नाव, नाम. पंचनाम्यातला 'अनोळखी इसम' मूळचा हाच!

क्रियापदाने सुरू होतो तो 'जुमला फिअ्लिया'. 'जहबल् औलादु' हे शब्दशः 'गेला मुलगे'. मुलगे कितीही असोत, त्यांच्या आधी उभं असलेलं क्रियापद एकवचनीच राहतं. क्रम फिरवा : 'अल्-औलादु जहबू'. आता तेच क्रियापद अनेकवचनी झालं. इराकमधल्या बसरा शहराचे जुने वैयाकरण म्हणत, इथे 'औलादु' हा कर्ता नाहीच, तो मुब्तदा. कर्ता आहे 'जहबू'च्या शेवटच्या 'ऊ'मधला 'ते'. म्हणजे 'मुलगे, ते गेले', आणि 'ते गेले' एवढं अख्खं वाक्य ही खबर. इराकमधल्याच कूफा शहराच्या वैयाकरणांना मात्र कर्ता क्रियापदाआधी आलेला चालत असे. मला बसऱ्याचं म्हणणं पटतं. वचनाचं कोडं त्याने आपोआप सुटतं.

– पण कर्म कर्त्याच्या आधी आलं तर घोटाळा नाही होत?

– नाही, शब्दाचा शेवट सांभाळून घेतो. 'जरब जैदुन अम्रन' म्हणजे जैदने अम्रला मारलं. 'जरब अम्रन जैदुन' म्हटलं तरी मारणारा जैदच, कारण कर्त्याचा 'उन' त्याच्याकडे आहे. आपले 'ने' आणि 'ला' हेच काम करतात. पंचाईत होते ती 'जरब मूसा ईसा' या वैयाकरणांच्या लाडक्या उदाहरणात. या दोन्ही नावांचे शेवट बदलत नाहीत, म्हणून तिथे क्रमच प्रमाण : आधी आलेला मूसा मारणारा. मराठीत 'मोर साप खातो' म्हणून पाहा. दोघांनाही प्रत्यय नाही, आणि कोण कुणाला खातो हे आपणही जागेवरूनच ठरवतो.

बोली अरबीत हे शेवटचे स्वर बहुतेक गळून गेलेत. कैरोच्या रोजच्या बोलण्यात कर्ता बहुधा आधीच येतो.