साम्य १० टक्क्यांच्या वर दिसलं की लेख न वाचता परत: हे बरोबर आहे का?

टिळकवाडीकर

आपल्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या शोधपत्रिकेनं यंदापासून नियम केलाय. आलेला लेख आधी उचलेगिरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा आणि दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या वर दिसलं की संपादकांनी तो उघडायचाही नाही, थेट परत पाठवायचा. माझ्या माहितीतल्या एका मुलीचा हलशीच्या कदंब ताम्रपटांवरचा लेख असाच परत आला. तिनं रिपोर्ट मागून घेतला, तेव्हा मी तो ओळीन्ओळ बघितला. जुळला म्हणून रंगवलेला मजकूर कुठला होता? ताम्रपटांचं संस्कृत वाचन. ते फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकात ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापलं आणि पुढच्या अभ्यासकांनी तसंच्या तसं उद्धृत केलं. शिवाय संदर्भसूची आणि राजांची वंशावळ. दान दिलेली गावं आज कुठं आहेत ते तिनं खानापूर तालुक्यात हिंडून शोधलंय. त्या भागात एकही ओळ रंगलेली नव्हती. ताम्रपटाचा पाठ वेगळ्या शब्दांत कसा लिहायचा, ते मला कुणीतरी सांगावं.

सगळे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांकडे बोट दाखवतात. ते नियम वाचा तरी. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे सगळं मोजणीतून वगळायचं आहे. कायद्याचा मजकूर, रूढ संज्ञा, चिन्हं, समीकरणं हेही वगळायचं. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगानं जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेसुद्धा. एवढं काढून जे उरेल, त्याला १० टक्क्यांची मोजपट्टी लावायची. हे काढायला माणूस बसावा लागतो. न वाचता परत पाठवणारा संपादक नियम पाळत नाही, तो नियम मोडतो.

आणि आपल्या सीमाभागात खरी चोरी होते ती भाषांतरातून. धारवाडला छापलेलं कन्नड पुस्तक मराठीत उतरवून कुणी लेख केला, तर सॉफ्टवेअर त्याला स्वच्छ ठरवून पुढं पाठवतं. तो छापला जाईल, आणि हलशीत पायपीट केलेल्या मुलीचा लेख परत जाईल. माझं म्हणणं साधं आहे. रिपोर्ट जरूर काढा, पण निर्णय वाचणाऱ्यानं घ्यावा.

खानापूरकर

सर, तुमचं हलशीचं उदाहरण मला पटलं. निष्कर्ष पटला नाही.

‘वाचणाऱ्यानं ठरवावं’ म्हणता, तो वाचणारा कोण असतो ते मी भोगलंय. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण दुसऱ्याच्या नावानं पुस्तकात आलं. तेव्हा असलं सॉफ्टवेअर कुणाकडं नव्हतं. मी दोन्ही मजकूर शेजारीशेजारी ठेवून, खुणा करून अर्ज दिला. समिती बसली, समितीतले सगळे त्या गृहस्थांच्या ओळखीचे. उत्तर आलं की एकाच विषयावर दोघांनी लिहिलं तर सारखं येणारच. मी काय करणार होतो? माझ्या हातात आकडा नव्हता, माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं.

आज तोच अर्ज रिपोर्टसह गेला असता तर २०१८ च्या नियमांत शिक्षा ठरलेली आहे. साम्य १० च्या वर आणि ४० टक्क्यांपर्यंत असेल तर लेख मागं घ्यायचा. ४० ते ६० असेल तर त्याशिवाय एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं गाईड होता येत नाही. ६० च्या पुढं सलग दोन वेतनवाढी जातात आणि गाईडपण तीन वर्षं. हे लिहून ठेवलेलं आहे म्हणून मोठा माणूसही घाबरतो. आकडा कुणाची जात, भाषा, पॅनेल बघत नाही. सीमाभागातल्या मराठी पोरांनी तरी हे विसरू नये, कारण आपल्यासाठी समितीत बोलणारं माणूस फार क्वचित असतं.

निपाणीची ग्रंथपाल

मी रोज हे रिपोर्ट काढते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची शोधशुद्धी योजना २०१९ मध्ये आली. तिच्यातून विद्यापीठांना सुरुवातीला उरकुंड हे साम्य शोधणारं सॉफ्टवेअर मिळालं, आता बंगळूरचं ड्रिलबिट मिळतं. अशी कुठलीही प्रणाली मजकुराचे छोटे तुकडे करते आणि ते आपल्या साठ्यातल्या तुकड्यांशी जुळवते. साठ्यात जे नाही ते तिला कळत नाही. संदर्भसूची वगळण्याची खूण केली तर एक आकडा येतो, नाही केली तर दुसरा. अवतरणचिन्हं नसतील तर ज्ञानेश्वरीची ओवी काय आणि बसवेश्वरांचं वचन काय, लेखकाच्या खात्यात जमा. त्यामुळं कुणी नुसता टक्का सांगितला की मी आधी विचारते, सेटिंग काय होती?

आता मराठीचं. आपल्याकडं अजून कित्येक प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप होतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण फाईलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. सॉफ्टवेअर तीच वाचतं. जुळणार कशाशी? शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर चढवलेले जुने मराठी प्रबंध बरेचसे स्कॅन केलेले आहेत, म्हणजे पानांचे फोटो. तेही जुळणीला येत नाहीत. मग शून्य किंवा एक टक्का येतो आणि तो कागद प्रबंधाला लावून सगळे निर्धास्त होतात. खानापूरकर अण्णा, तुमचं प्रकरण ज्यानं उचललं त्यानं ते जुन्या फॉन्टमध्ये दिलं असतं, तर आजही रिपोर्ट त्याच्याच बाजूनं आला असता. हे मला सगळ्यात जास्त छळतं. इंग्रजीत प्रामाणिक लिहिणारा अडकतो आणि मराठीत उतरवून काढणारा सुटतो.

युनिकोडमध्ये फाईल दिल्याशिवाय रिपोर्ट काढायचाच नाही, एवढं एक जरी सगळ्यांनी ठरवलं तरी फरक पडेल.

मच्छेचा प्राध्यापक

मी इंजिनिअरिंगच्या बाजूचा. आमच्याकडं याशिवाय कामच होत नाही आणि होऊही नये. आंतरराष्ट्रीय प्रकाशकांनी क्रॉसरेफ या त्यांच्या संघटनेमार्फत २००८ पासून आयथेंटिकेट हे साम्य शोधणारं सॉफ्टवेअर वापरायला सुरुवात केली. त्यामागचं कारण साधं होतं. एकच लेख थोडा बदलून दोन-तीन नियतकालिकांना पाठवणारे वाढले होते, आणि कुठलाही संपादक कितीही वाचत असला तरी कोट्यवधी लेख त्याच्या डोक्यात नसतात. टिळकवाडीकर सर ‘वाचणाऱ्यानं ठरवावं’ म्हणतात, पण वाचणाऱ्याला शंका तरी यायला हवी. ती यंत्रच देतं.

एक मात्र सांगतो. आम्ही परीक्षण करतो तेव्हा एकूण टक्क्याला फार किंमत देत नाही. कुठल्या एका लेखाशी किती जुळलं आणि लेखाच्या कुठल्या भागात जुळलं ते बघतो. प्रयोगाची पद्धत सांगताना यंत्राचं नाव, तापमान, प्रमाण हे सारखंच येणार. पण निष्कर्षात एकाच लेखातला सबंध परिच्छेद उतरला असेल, तर एकूण ६ टक्के असले तरी मी लेख थांबवतो. आयथेंटिकेट बनवणारी टर्निटिन कंपनी स्वतःच सांगते की तिचा आकडा साम्य दाखवतो, चोरी ठरवत नाही. आपल्याकडं त्याचा निकालपत्र म्हणून वापर सुरू झालाय, तो चुकीचा आहे. दोष साधनाचा नाही.

वडगावची शोधछात्रा

सर, दोष साधनाचा नसेल, पण भोगतो आम्ही.

गाईड म्हणतात, ‘आठ टक्क्यांच्या खाली आण, मग बघू.’ कशानं आणायचं ते सांगत नाहीत. मग मुलं पानामागं पैसे देऊन टक्के कमी करून घेतात. तिथं काय होतं, तर चांगलं वाक्य मोडून वाईट केलं जातं. जगभरात हेच चाललंय. २०२१ मध्ये कबानाक, लाबे आणि मागाझिनोव या तीन संशोधकांनी शेकडो छापील लेखांत असली शब्दरचना शोधून काढली. ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बोसम पेरिल’, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’! साम्य पकडलं जाऊ नये म्हणून शब्द बदलणाऱ्या यंत्राची ही करणी, आणि परीक्षण झालेल्या नियतकालिकांत ती छापून आली. म्हणजे ज्यानं चोरी केली तो यंत्र वापरून सुटला, आणि कुणी वाचलंच नाही.

आता त्यात एआय ओळखणारी साधनं आली. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले. माझं इंग्रजी साधं, शब्द मोजके. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त त्यांनी यंत्रानं लिहिलेले ठरवले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं टर्निटिनचं हे साधन बंद करून टाकलं. माझ्यावर आळ आला तर मी स्वतः लिहिलंय हे कशानं सिद्ध करू? कच्चे कागद आता जपून ठेवते, दुसरं काय करणार.

खानापूरकर काका, तुमच्यावर अन्याय झाला तो वाचून वाईट वाटलं. पण आकडा आमच्या बाजूनं उभा राहतो, हे मला अजून अनुभवाला आलेलं नाही.

खानापूरकर

बाळ, तुझा मुद्दा मी मनावर घेतोय. एआय ओळखणाऱ्या साधनांवरून कुणालाही दोषी धरू नये, याला माझा पूर्ण पाठिंबा. तिथं दाखवायला मूळ मजकूरच नसतो. साम्याचा रिपोर्ट निदान सांगतो की ही ओळ अमक्या ठिकाणी आहे, जाऊन बघा. दोन्हीत हा मोठा फरक आहे.

पण सगळे ‘माणूस, माणूस’ म्हणताय म्हणून आठवण देतो. २००२ मध्ये कुमाऊँ विद्यापीठाच्या कुलगुरूंवर स्टॅनफर्डच्या एका संशोधिकेचा लेख उचलल्याचा आरोप झाला. पकडलं माणसांनीच. पण आपल्याकडं हालचाल व्हायला काय लागलं? स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी, त्यांत नोबेल मिळालेलेही होते, थेट राष्ट्रपती कलामांना पत्र लिहिलं. मग चौकशी झाली आणि २००३ मध्ये राजीनामा आला. खानापूरच्या मास्तरासाठी राष्ट्रपतींना पत्र कोण लिहिणार आहे?

टिळकवाडीकर

अण्णा, याच्या उलटंही घडलेलं आहे. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांचा प्रबंध २०११ मध्ये उघडा पडला. एका कायद्याच्या प्राध्यापकानं परीक्षणासाठी तो नीट वाचला आणि उचललेले उतारे दाखवून दिले. पुढं शेकडो लोकांनी मिळून पानन्पान तपासलं, बायरॉइट विद्यापीठानं पदवी काढून घेतली, मंत्रिपद गेलं. ती सुरुवात वाचण्यातूनच झाली.

तरी तुमचा मूळ मुद्दा मी मान्य करतो. वाचणाऱ्याला मोकळं रान दिलं तर ओळखीपाळखीचं राज्य येईल. म्हणून लेखकाला रिपोर्टची पूर्ण प्रत मिळावी, नुसता आकडा नव्हे. उत्तर द्यायला मुदत मिळावी. आणि इतिहास, संतसाहित्य, लोकसाहित्य अशा विषयांत दोन वाचकांपैकी एक कन्नड जाणणारा असावा. युरोपातल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये १५ साधनं ८ भाषांत तपासली, तेव्हा भाषांतर करून केलेली उचल बहुतेक साधनांच्या हाती लागली नव्हती. कन्नड-मराठीचं तर विचारायलाच नको. बेळगावात दोन्ही भाषा वाचणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांचा उपयोग आपण करून घेत नाही.

खानापूरकर

कन्नड वाचकाला होय. टक्का काढून टाकायला नाही.

१० टक्क्यांची रेघ राहू दे. तिच्यावरचा लेख घ्यायचा असेल तर संपादकानं कारण लिहावं आणि खाली सही करावी. रेघेखालचा लेख चोरीचा म्हणून नाकारायचा असेल तरी तसंच. म्हणजे माणसानंच ठरवलं, पण त्याला उत्तरदायी राहावं लागलं. तोंडी निर्णयावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि तो परत येईल असं वाटत नाही.

निपाणीची ग्रंथपाल

दोघांचंही छान आहे, पण हे काम करणार कोण? परीक्षकाला मानधन नाही. एक रिपोर्ट नीट बघायचा, प्रत्येक रंगीत तुकडा मूळ ठिकाणी जाऊन तपासायचा, तर दिवस जातो. प्राध्यापकांना तासिका आहेत, निवडणुकीची ड्युटी आहे. म्हणून तर सगळे टक्क्यावर भागवतात. माणूस हवा म्हणायचं आणि त्याच्या वेळेची तरतूद करायची नाही, हे असंच चालू राहिलं तर सहीसुद्धा न वाचताच होईल.

चिकोडीची अक्का

मी कन्नड माध्यमात शिकले, एम.ए. मराठीत केलं. कन्नडमधून उचललेला मराठी लेख ओळखायला फार वेळ लागत नाही, सवय लागते. ‘शहाजी’च्या जागी ‘षहाजी’ दिसला की मी थांबते, कारण कन्नडमध्ये तसं लिहितात. मूळ पुस्तकातलं चुकीचं शकवर्ष जसंच्या तसं आलेलं असतं. संदर्भसूचीत मात्र एकही कन्नड पुस्तक नसतं. असं दिसलं की मी मूळ पुस्तक काढून समोर ठेवते, पानांचे आकडे लिहून देते.

असे लेख वाचायला मी तयार आहे, मानधन नको. पण आठ दिवसांत उत्तर मागू नका, महिना द्या. लेखकाचं नाव माझ्याकडं पाठवू नका. आणि मी पानांच्या आकड्यांसह लिहून दिलेलं असताना लेख छापलात, तर तो का छापला हे मला लेखी कळवा.