‘पोस्ट करणे’ : सीएनसीच्या कामात नेमका अर्थ

प्रश्न :
आयटीआयच्या मशिनिस्ट ट्रेडच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. कॅममध्ये (मशीनिंगची आखणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टूलपाथ, म्हणजे टूलच्या हालचालीचा मार्ग, झाला की जी-कोड, म्हणजे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनला द्यायच्या आज्ञा, काढतात, त्याला शॉपमध्ये सगळे ‘पोस्ट करणे’ म्हणतात. ‘उत्तर-प्रक्रियक’ लिहून पाहिलं, मुलांना काही बोध होईना. ‘भाषांतर’ चालेल का?

प्रतिसाद :
इथे ‘पोस्ट’ म्हणजे ‘नंतरचा’; टपालाशी संबंध नाही. १९५० च्या दशकात एमआयटीत एपीटी ही मशीन प्रोग्रामिंगची भाषा घडली. तिच्यातून आधी फक्त कटर कुठून कुठे जाणार एवढंच निघायचं. ते कोणत्या मशीनवर चालणार, याच्याशी त्या माहितीला देणंघेणं नसे. मग दुसरा प्रोग्राम तीच वाट त्या-त्या मशीनला कळेल अशी लिहायचा. तो नंतर चालतो, म्हणून पोस्ट-प्रोसेसर, थोडक्यात ‘पोस्ट’. आजच्या कॅममध्येही हीच विभागणी आहे.

‘भाषांतर’ बरंच जवळ जातं. जी७१ ही आज्ञा घ्या; मशीनचा कंट्रोल कोणत्या कंपनीचा, यावर तिचा अर्थ बदलतो. फानुकच्या लेथवर ते रफ टर्निंगचं (जादा धातू भराभर काढायचं) सायकल. सीमेन्सवर त्याचा अर्थ ‘मापं मिलिमीटरमध्ये’. हायडेनहाइनच्या स्वतःच्या पद्धतीत तर सरळ रेषेला जी०१ नाहीच, ओळ ‘एल’ने सुरू होते. पण पोस्टला शब्द बदलून भागत नाही. मशीनला अक्ष किती, टूल बदलायला स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) कुठे न्यायचा, कूलंट कधी सुरू करायचा, हेही त्यालाच ठाऊक असावं लागतं. दशांशचिन्हसुद्धा तोच टाकतो. फानुकच्या बऱ्याच मशीनवर ‘एक्स१०.’ म्हणजे १० मिलिमीटर, आणि टिंब गळालं तर पॅरामीटरनुसार तेच १० मायक्रॉन होतात! म्हणून मी ‘पोस्ट’ हाच शब्द ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘मशीनच्या कंट्रोलनुसार कोड लिहून देणारा भाग’ असं समजावीन.

दुसरा प्रतिसाद :
सहमत. ‘प्रोग्राम काढला’ हा प्रयोग मात्र टिपणात जपून वापरा, सर. त्यात टूलपाथ बनवणं आणि पोस्ट करणं दोन्ही येतं, आणि चूक शोधताना नेमका तिथेच घोळ होतो. खोली चुकली तर टूलपाथ बघायचा. अलार्म ‘अयोग्य जी-कोड’ म्हणत असेल तर पोस्ट. ‘टूलपाथ तयार आहे, पोस्ट व्हायचाय’ असं बोलायची सवय मुलांना लागू दे.

लिंगाचंही सांगतो. फेसबुकवरची ती पोस्ट, कॅममधला तो पोस्ट. ‘फानुकचा पोस्ट लाव’ असंच मी म्हणतो.

प्रश्नकर्ता :
पटलं, ‘पोस्ट’च ठेवतो. सिम्युलेशन बघून पोस्टची चूक कळते, असं लिहू का?

प्रतिसाद :
नको. कॅममधलं नेहमीचं सिम्युलेशन टूलपाथवर चालतं, पोस्ट झालेल्या कोडवर नाही. स्क्रीनवर जॉब सुरेख दिसेल आणि मशीनवर टूल वाइसमध्ये (जॉब पकडणाऱ्या पकडीत) घुसेल. नवा पोस्ट असेल तर आधी जॉबच्या वर हवेत, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), रॅपिड (न कापता सरकण्याचा वेग) कमी ठेवून चालवायचा, हे ठळक अक्षरात टाका.