जीभ वळते का? वर्गातले कान, डोळे आणि भोवरे

नववीला 'आनुवंशिकता व परिवर्तन' शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर तक्ता काढायचे. कानाची पाळी सुटी की चिकटलेली, जीभ पन्हळीसारखी वळते की नाही, अंगठा मागे किती वाकतो, गालाला खळी पडते का. मुलं एकमेकांचे कान ओढून बघतात, तासाचा मासळीबाजार होतो, पण मजा येते.

एका वर्षी एक मुलगी दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, माझी जीभ वळते. आईची नाही वळत, पप्पांचीपण नाही." मी खडू हातात धरूनच म्हणाले, "असं कसं होईल? नीट बघ घरी जाऊन." मागच्या बाकावरून आवाज आला, "तुला दवाखान्यातून उचललीय!" वर्ग हसला. तीही हसली. वह्या तपासताना दिसलं, तक्त्याचं पान तिने फाडून टाकलं होतं.

त्या रात्री शोधत बसले. आईबाबांपैकी एकाची तरी जीभ वळत असेल तरच मुलाची वळते, जिभेचा हा नियम १९४० साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी मांडला होता. साधासुधा माणूस नव्हे, फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा यांचाच. पण १९५२ मध्ये मॅटलॉक यांनी एकसारख्या, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तर ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती आणि दुसऱ्याची नाही. पुढे १९६५ साली खुद्द स्टर्टेव्हंट यांनीच लिहून ठेवलं, की हे उदाहरण अजून पुस्तकांत पाहून आपल्याला संकोच वाटतो. आणि मी ते खुशाल फळ्यावर लिहीत होते!

सकाळी वर्गात तिची माफी मागितली. तक्ता अजून काढते. 'घरी जाऊन आईबाबांचं बघून या' मात्र बंद केलंय. तुमच्या शाळेतले असे किस्से असतील तर लिहा. वाचकांकडून आलेले काही किस्से खाली आहेत.

भोवरा
माझ्या डोक्यात दोन भोवरे. न्हावीकाका दर वेळी आरशात बघून म्हणायचे, "दोन बायका करणार हा!" पाचवीत सगळ्या वर्गाला हे कळलं, मग काय विचारता. लग्नाला बावीस वर्षं झाली. एकच आहे.

हिरवं खोड
चौथीत चित्रकलेच्या तासाला झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली. बाईंना वाटलं मी चेष्टा करतोय, पट्टी खाल्ली. घरी मामा आला होता. चित्र बघून म्हणाला, "छान आहे की! चुकलं काय?" आईने कपाळाला हात लावला. मामाला इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं, रेल्वेच्या डोळे तपासणीत अडकला होता. मलाही डॉक्टरांकडे नेलं. ठिपक्यांच्या त्या पुस्तकात इतरांना ७४ दिसतात तिथे मला स्वच्छ २१ दिसले. अजूनही तेच दिसतात. रंगांधळेपणाचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. म्हणून आई स्वतः सगळे रंग नीट बघते, पण मामाचं दुखणं माझ्या पदरात. कच्चा-पिकलेला टोमॅटो मी आजही दाबून ठरवतो.

घारी
काळ्याभोर डोळ्यांच्या आईबाबांची मी घारी मुलगी. शाळेत नाव 'मनीमाऊ'. स्नेहसंमेलनात इंग्रज मडमेचं काम कायम माझ्याकडे, तेही एका वाक्याचं! लहानपणी मलाही दवाखान्याचा तो विनोद ऐकवला जायचा आणि मी तो खराही धरला होता. मग आजोळी एका जुन्या ट्रंकेशी बसलेल्या पणजीआजीने माझी हनुवटी वर उचलली. तिचे डोळे अगदी माझ्यासारखे, कडेला हिरवट. तोवर तिच्याकडे कधी एवढं जवळून पाहिलंच नव्हतं.

अकरावं बोट
करंगळीला लागून छोटंसं सहावं बोट. वडिलांना आहे, आत्यालाही. पहिलीत बोटांवर बेरीज शिकवली तेव्हा माझं उत्तर एकाने जास्त यायचं. गुरुजी म्हणाले, "तू आपला दगड मोज."

धाकटी
बाई, त्या ७ जोड्यांतली आठवी आमची धरा. आम्ही एकसारख्या जुळ्या, ताई माझ्याहून नऊ मिनिटांनी मोठी. शाळेत आमची हजेरीसुद्धा चुकायची. माझी जीभ वळते, तिची नाही. हे वाचून आत्ता फोन केला तिला, तर म्हणाली, "थांब," आणि आरशासमोर गेली. फोन अजून चालू आहे.