पार्किंगमध्ये गाडी घासली, क्लेम टाकला का? अनुभव सांगा

संभाजीनगरची गुलमंडी असो की लातूरची गंजगोलाई, गाडी लावून सामान घ्यायला जावं आन परत येऊस्तोवर कुणीतरी बंपरला टेकून गेलेलं असतंय. मोठ्या अपघाताचं सोडा, असल्या बारक्या घासाघाशीत इन्शुरन्सचा खरंच उपयोग होतो का? क्लेम केलेल्यांनी बी लिहा, न केलेल्यांनी बी. आकडे टाका, नुसत्या शिव्या नको.

लातूर
गंजगोलाईचं नाव निघालंच तर मीच सुरू करतो. टेम्पो रिव्हर्स घेताना मागचा बंपर फोडून पसार झाला. गॅरेजवाला म्हणला, टाका क्लेम, तुमच्या खिशातून काय जायलंय. एस्टिमेट 10000, त्यात बंपर 6000, पेंटिंग 3200, फिटिंग 800. पॉलिसी साधी, झिरो डेप (डेप्रिसिएशन म्हणजे झिजेपोटीची कपात टाळणारं जादा कव्हर) नाही. प्लास्टिकच्या पार्टला निम्मी कपात म्हणजे 3000 गेले, पेंटिंगच्या बिलातला पाव हिस्सा रंगाचा धरून त्याच्या निम्मे कापतात ते 400, वर 1000 कंपल्सरी आपलेच (1500 सीसीच्या वरची गाडी असली तर 2000). मिळणार 5600. आता दुसरी बाजू. माझा एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याची प्रीमियमवरची सवलत) 50 टक्क्यांवर, ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचा) प्रीमियम सवलतीआधी 8000. क्लेम केला की सवलत शून्यावर, मग दरसाल 20, 25, 35, 45 करत परत 50. प्रीमियम तेवढाच धरला तरी पाच वर्षांत जास्तीचे जाणार 4000, 2400, 2000, 1200, 400, झाले की 10000! गपचूप खिशातून भरले.

जालना
भाऊ, हिशोब तुमच्यापुरता बरोबर हाय. माझी गाडी पहिल्याच वर्षाची, एनसीबी काहीच जमलेला नव्हता, वर झिरो डेप. दार आन फेंडर दोन्ही चेपले होते. कॅशलेस केलं (गॅरेजचं बिल थेट कंपनी भरते), कंपल्सरीचे 1000 आन थोडं नटबोल्ट-क्लिपाचं बिल भरलं, कारण कन्झ्युमेबलचं अ‍ॅड-ऑन घेतलेलं नव्हतं. पुढच्या वर्षीची 20 टक्के सवलत गेली, जाऊ द्या.

नांदेड
आमच्याकडं नुकसान तपासायला आलेला कंपनीचा सर्व्हेअर लई बारकाईचा माणूस. दारावरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला, बोटाला तांबूस गंज लागला तसा म्हणला ही रेघ जुनी हाय, ही धरता येत नाही. ताज्या घासेला समोरच्या गाडीचा पांढरा रंग चिकटलेला होता, तेवढी मंजूर केली. म्हणून गाडी धुवायच्या आधी फोटो काढा. आमच्या मेव्हण्यानं हौसेनं पॉलिश मारून नेली आन मग वाद घालत बसला.

परभणी
मोंढ्यात ट्रॉली घासली. चूक सरळ समोरच्याची, तरी एजंट म्हणतो तुमच्याच ओन डॅमेजमधून घ्या, म्हणजे एनसीबी माझाच जाणार! त्याच्या थर्ड पार्टीतून (दुसऱ्याच्या नुकसानीच्या कव्हरमधून) वसूल करायचं तर मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये केस, डेंटिंगच्या पैशासाठी कोण तारखा करत बसणार. ट्रॉलीवाला बिचारा भला निघाला, चहा पाजला आन तिथंच पैसे देऊन मोकळा झाला.

बीड
सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे वाचाच. चुलतभावानं गाडी घेतली, आरसी नावावर झाली, पॉलिसी मात्र जुन्या मालकाच्याच नावावर राहिली. लग्नात कार्यालयाच्या गेटवर गाडी घासली, क्लेम टाकला तर कंपनीनं सरळ नाकारला. थर्ड पार्टीचं कव्हर गाडीसोबत येतं, पण ओन डॅमेजसाठी पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागती, त्याचा अर्ज गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत करायचा असतो. एजंटानं हे सांगायला नको होतं का?

हिंगोली
पोरांच्या क्रिकेटचा बॉल, मागची काच. काचेला डेप्रिसिएशन कापत नाहीत हे तवा कळालं.

धाराशिव
गाडी विकायला काढलीय, एनसीबी 45 टक्के हाय. बंपर फुटलाय, विकायच्या आधी क्लेम करून घ्यावा का?

लातूर
करू नका. एनसीबी मालकाचा असतो, गाडीचा नाही. विकली की कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, 3 वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तिच्यावर लागतो. बंपरचे हजार-दोन हजार गिऱ्हाइकाला सोडा.