राहीबाईंचं बी आणि आपापल्या घरचं गाडगं

माझं आजोळ नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. आजीच्या घरात चुलीच्या वर, धूर लागेल अशा बेतानं एक शिंकं टांगलेलं असायचं आणि त्यात तीन गाडगी. आम्हा पोरांना हात लावायची बंदी. खाऊच असणार, म्हणून एका दुपारी मी आणि मामेभाऊ पाटावर पाट ठेवून चढलो. आत निव्वळ राख. राखेत बोटं घातली तर वाल लागले. आजीनं दोघांना झोडपलं ते चोरी केली म्हणून नव्हे, ओल्या हातानं बी चिवडलं म्हणून.

आजी गेली, ती गाडगी कुठं गेली ते कुणालाच आठवत नाही. मामा आता दर वर्षी दुकानातून पाकीट आणतो.

त्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. 1964 चा जन्म, महादेव कोळी समाज, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. नातू सारखा आजारी पडायला लागला तेव्हा फवारलेल्या भाजीचा संशय आला आणि गावठी बी जमवायला घेतलं, असं त्या सांगतात. पुढं बाएफ या ग्रामीण विकासाच्या संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाणं बँक उभी राहिली. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं आणि ते नावच पडलं. 2018 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत नाव आलं, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, करोनामुळे ती प्रत्यक्ष हातात पडायला नोव्हेंबर 2021 उजाडला.

हे सगळं आपण वाचलेलं आहे, फोटोही पाहिलेत. मला त्यातली एक साधी अट सोडत नाही. बी न्यायचं, पेरायचं, आणि पीक आलं की दुप्पट परत आणून द्यायचं. आमच्या भागात सावकार वाढीदिढीनं दाणे द्यायचा, म्हणजे नेलं त्याच्या दीडपट भरायचं, आणि त्यात घरं बुडाली. इथं दुप्पट मागतात आणि कुणी बुडत नाही, कारण परत आलेलं बी पुढच्या घरी जातं.

तर तुमच्याकडं आलेल्या, गेलेल्या, हरवलेल्या बियांबद्दल लिहा. हार-तुरे पुष्कळ झालेत. फसलेलं असेल तर ते आधी लिहा.

अकोले तालुक्यातूनच, बचत गटातली

आम्ही बारा जणी टेंपो करून कोंभाळण्याला गेलो होतो. मी कुठं गेले की आधी चूल बघते, तिथं मात्र नजर मडक्यांवरच राहिली. बी राखेत ठेवलेलं, तोंडं लिंपलेली. माझी सासू संगं होती. ती म्हणाली, ह्यात नवं काय, हे तं आपलंच. मी म्हणलं, आपलंच हाय तर आपल्या घरात का नाही? मग गप्प बसली.

परसबागेसाठी वाल, घेवडा, दोडका, भोपळा असं मिसळ बी घेऊन आलो. परत द्यायची अट सगळ्यांनी कबूल केली. आता खरं सांगते. हंगाम संपला तेव्हा बारातल्या सात जणींकडंच बी निघालं. एकीच्या वेलाला गुरांनी तोंड लावलं. तिघींनी सगळ्या शेंगा कोवळ्याच खाल्ल्या, वाळायला ठेवल्याच नाहीत. एकीच्या घरी जावईबापू आले आणि तिनं बियाचे वाल भिजत घालून कालवण केलं! अजून तिला गावात ‘बी खाणारी’ म्हणतात. पण भरणा गटाच्या नावावर होता. मग सात जणींनी आपलं दुप्पट घातलं आणि बाकी पाच जणींचंही भागवलं. दुसऱ्या वर्षी त्याच पाच जणींचं बी सगळ्यात चांगलं आलं, लाजंनी का होईना.

बी कसं राखायचं ते लिहिते, कारण तिथंच चुकतं. पहिल्या तोड्याच्या शेंगा खायच्या. मधल्या बहरात जो वेल निरोगी आणि शेंगांनी लगडलेला असेल, त्याला लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीच्या वेलाची शेंग कुणी तोडायची नाही, घरधन्यानं पण नाही. वेलावरच वाळू द्यायची, खुळखुळ वाजली की काढायची. शेवटच्या बारीक दाण्याचं बी धरू नये. उन्हात कडक वाळवून मग चाळलेल्या राखेत, वर कडुनिंबाचा सुकवलेला पाला. राख गरम असली तर बी मेलं म्हणून समजा, एक वर्ष मी ते पण केलंय.

फायदा म्हणाल तर पावसाळ्यात भाजीला बाजारात जावं लागत नाही. पैसे किती वाचले ते मोजलं नाही. पण बाजाराच्या दिवशी मीठ-तेल सोडून पिशवी रिकामी येते, एवढं खरं.

लातूर जिल्हा

आमच्याकडं भाजीपाल्याचं कौतुक कमी, सोयाबीन म्हणजेच सगळं. 2020 च्या खरिपात राज्यभर बियाणं न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता, त्यात मीही होतो. कंपनीचं नाव घेत नाही, पण चार बॅगांतली अडीच एकराची पेरणी मातीतच राहिली. दुबार पेरणी म्हणजे काय ते ज्याच्यावर येते त्यालाच कळतं. पंचनामा झाला, कागद झाले, पुढं काय झालं ते विचारू नका.

त्या वर्षी वडिलांनी एक काम केलं. जे उगवलं त्यातला चांगला तुकडा वेगळा राखला. सोयाबीन सरळ वाणाचं, म्हणजे हायब्रीड नसलेलं, आणि स्वपरागीभवनाचं, म्हणजे स्वतःच्याच परागानं फळणारं पीक आहे, त्यामुळं घरचं बी दोन-तीन वर्षं खुशाल वापरता येतं. हे हायब्रीडच्या बाबतीत चालत नाही, तिथं दुसऱ्या पिढीत झाडं विस्कटतात. मळणी कमी वेगानं केली, कारण सोयाबीनचं साल अंड्यासारखं नाजूक, जोरात आपटलं की आत कोंब मोडतो. पोती एकावर एक फार चढवली नाहीत. पेरणीआधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडले, गुंडाळी करून ठेवली. चौथ्या-पाचव्या दिवशी उघडली तर ब्याऐंशी उगवलेले. सत्तर आले तरी पेरा म्हणतात. वडील ती गुंडाळी घेऊन पारावर गेले आणि सगळ्यांना दाखवून आले, जणू नातू झालाय.

राहीबाईंची शेती डोंगरातली, आमची काळ्या रानातली, पिकं वेगळी. पण त्यांच्यामुळं घरचं बी ही गोष्ट लाजेची राहिली नाही. त्याआधी कृषी दुकानात ‘घरचंच पेरतो’ म्हटलं की पैसे नसतील म्हणून पेरतोय अशा नजरेनं बघायचे.

नारायणगाव परिसर, टोमॅटोवाला

थोडं विरजण घालतो, राग नसावा.

मी तीन एकर टोमॅटो करतो. गावठी टोमॅटो चवीला चांगला, मान्य. पण क्रेटमध्ये भरला की मार्केटला पोचेपर्यंत रस्सा होतो. व्यापारी माल हातात घेऊन दाबून बघतो, चव बघत नाही. माझ्यावर पीककर्ज आहे, मल्चिंग, ठिबक, तार-बांबूचा खर्च आहे. राहीबाईंना माझा दंडवत, पण त्यांचा फोटो लावून शहरातली माणसं मला ‘तुम्ही विष पिकवता’ म्हणतात तेव्हा डोकं फिरतं. तीच माणसं गावठी वांगं किडकं निघालं तर परत करतात.

घरी खायला मात्र बांधावर गावठीच आहे. बायको लावते. हेही खरं.

अकोल्याच्या ताईंकडून, वरच्या दादांना

बांधावर हाय ना? मग झालं की. तेवढंच बी राखा. आम्ही पण भाताला थोडा युरिया टाकणारी घरं बघतो, कुणाला शिव्या देत नाही. आमचा गावठी काळभात उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, उतारा कमी, म्हणून आम्ही पण एकाच खाचरात करतो. पण आजाऱ्याला पेज त्याचीच.

पुण्यातून, वकिली करणारा

एक भर. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचं असलं तरी. फक्त ते ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. हे लिहायचं कारण, माझ्या गावी एकानं शेजाऱ्याला घरची तूर बियाण्याला देताना ‘हे बेकायदेशीर तर नाही ना’ असं मला फोन करून विचारलं. आपल्याच कणगीतले दाणे देताना माणूस वकिलाला फोन करतो, इथवर आपण आलोय.

डोंबिवली, तिसरा मजला

एका प्रदर्शनातून गावठी बियांची पुडी आणली. वाल खिडकीच्या ग्रिलवर चढला, इतका की खालच्या काकूंनी सोसायटीत तक्रार केली. मग मावा पडला. कडुनिंबाचं पाणी मारलं तर वास वरच्या मजल्यावर गेला, दुसरी तक्रार. शेंगा अकरा. कबुतरांनी चार नेल्या.

दुधी आणि लाल भोपळा शेजारी-शेजारी लावल्यामुळं संकर होईल अशी मला भीती होती. होत नाही, जात वेगळी आहे त्यांची. पण दोन प्रकारचे लाल भोपळे जवळ असले की मधमाश्या काम करून जातात आणि पुढच्या वर्षी तिसरंच काहीतरी येतं. माझ्याकडं आलं. दिसायला सुरेख, चवीला पाणी. बी राखायचं फूल आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायचं आणि सकाळी हातानं परागकण लावायचे हे मला नंतर कळलं. आता सकाळी सात वाजता मी मादी फुलाशी काय करतोय हे समोरच्या बिल्डिंगला कळत नाही, एवढंच.

जुन्नर तालुका, जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका

चौथीच्या वर्गात राहीबाईंची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, घरातून एकेक बी आणा. दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुलांनी दुकानाची रिकामी पाकिटं आणली, त्यावर चित्र छान असतं म्हणून. एका मुलीनं मात्र आख्खा वाळका दोडका आणला, देठाला सुतळी. हलवला की आत बी वाजत होतं. वर्ग तो खुळखुळाच समजला. ती म्हणाली, आजीनं काल दिला नाही, तिन्हीसांजेला बी उंबऱ्याबाहेर देत नाहीत म्हणे, म्हणून पहाटे दिला. आणि निरोप होता: बाईंना सांग, फोडू नका, खालचं बूच काढा.

खरंच, वाळलेल्या दोडक्याच्या टोकाला झाकण असतं. ते काढून उलटा केला की काळं बी टपटप पडतं आणि आत जाळी राहते. बारा वर्षं विज्ञान शिकवतेय, मला माहीत नव्हतं.

नाशिकहून

संक्रांतीला प्लॅस्टिकचे डबे वाटून कंटाळले होते. वाण द्यायचंच तर खरंखुरं वाण देऊ, म्हणून बावीस बायकांना कागदाच्या पुडीत पाच-पाच दाणे घेवडा दिला, चिठ्ठीवर लिहिलं की पुढच्या संक्रांतीला दहा आणा. सासूबाई म्हणाल्या, वाण परत मागतं का कुणी!

पुढच्या वर्षी तिघींनी आणले. एकीनं दहाऐवजी डबाभर. आठ जणींना पुडी कशाची होती तेच आठवत नव्हतं. एक म्हणाली, मी आमटीत टाकले, कमी होते हो.

न्यू जर्सी

आईनं पावटा मोज्यांच्या जोडीत लपवून आणला. विमानतळावर मोजे उघडले गेले. पीकआरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी आणता येत नाही हे मला माहीत होतं, तिला मी सांगितलं नव्हतं. अधिकाऱ्यानं सौम्यपणे पिशवी घेतली आणि तिनं त्याला मराठीत सांगितलं, टाकू नको, पेर.

पुन्हा मी

अकोल्याच्या ताईंनी माझा पत्ता मागून घेतला आणि मागच्या आठवड्यात पोस्टानं पुडी आली. जुन्या वहीचा कागद, त्यात चिमूटभर राख आणि वीस वाल. मी पुडी तशीच आईकडं नेली. मनात होतं, ती बघताच ओळखणार, आजीच्या गाडग्यातलेच म्हणणार.

आईनं चष्मा लावला. एक दाणा उचलून कडेची पांढरी रेघ नखानं चाचपली, उजेडात धरला, परत ठेवला. ‘हे ते नाहीत,’ म्हणाली. ‘आपले काळसर होते, चपटे. हे तांबूस आहेत.’

मग उठून हात धुतले, पदराला कोरडे होईपर्यंत पुसले आणि वीसच्या वीस मोजून परत राखेत घातले. आषाढात मामाच्या बांधावर लावायचे ठरलेत. ताई, तुमचे चाळीस माझ्याकडं लागू.