बर्फाच्या क्रशरचं बेअरिंग पंधरा दिवसांत जातंय, मदत हवी आहे

बंदरावरचा_हर्णै
नारळी पौर्णिमेला मशीन सुरू केलं, तेव्हापासून हे तिसरं बेअरिंग. बर्फाच्या लाद्या फोडायचं मशीन आहे. नवीन घातलं की आठवडाभर गप्प चालतं, मग घरघर सुरू, मग हात ठेववत नाही इतकं तापतं. काल बोटी लागलेल्या असताना जाम झालं, मासळी टोपल्यांत आणि बर्फ नाही! दुकानदार म्हणतो रोलर बेअरिंग लावा. कोणतं लावू ते लवकर सांगा.

फिटर_लोटे
बेअरिंगचा नंबर? शाफ्टची जाडी? दोन्ही बाजूंची जातात की एकाच?

बंदरावरचा_हर्णै
नंबर घासून गेलाय. बाहेरच्या ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घरावर, पी २०७ दिसतंय.

फिटर_लोटे
मग आत यूसी २०७, बॉल बेअरिंग. शेवटचे दोन आकडे पाचने गुणायचे, ०७ म्हणजे ३५ मिलिमीटरचा शाफ्ट. ०४ पासून पुढे हा हिशोब चालतो. कोणती बाजू ते अजून सांगितलं नाहीत.

सॉमिल_गुहागर
बॉलवर पैसे घालूच नका. माझ्या करवतीला टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरची बेअरिंगं आहेत, सहा वर्षं हात लावलेला नाही. ३२२०७ आणा, विषय संपला.

फिटर_लोटे
दादा, टेपर एकटं चालत नाही. समोरासमोर जोडीने बसवून ढील जुळवावी लागते, हाउसिंगही (बेअरिंगचं घर) तसंच बोअर केलेलं लागतं. पी २०७ आतून गोलाकार असतो, त्यात ३२२०७ बसणारच कसं?

सॉमिल_गुहागर
नवीन हाउसिंग करून घ्यायचं. एकदाच खर्च होतो. बर्फाची लादी आदळते तेव्हा धक्का बसतो, तो रोलरच सोसतो. बॉल टेकतो टिंबाएवढ्या जागेवर, रोलर टेकतो रेघभर.

फिटर_लोटे
हे बरोबर आहे, रोलर जास्त भार घेतो. पण धक्क्याने गेलेलं बेअरिंग आठवड्यात घरघरत नाही, ते दुखणं वेगळं असतं. जुनं बेअरिंग फेकलं नसेल तर सील काढून ग्रीसचा रंग सांगा.

आगर_अलिबाग
बेअरिंगचा विषय निघालाच आहे तर विचारतो. विहिरीवरचा पंप शिट्टी मारतोय. मेकॅनिकने ६२०५ सांगितलंय. झेडझेड घेऊ की २आरएस?

फिटर_लोटे
विहिरीजवळ ओल असते, २आरएस घ्या. झेडझेडला नुसती पत्र्याची झाकणं असतात, रबराचं सील नसतं. आणि इथे हर्णैवाल्यांचं होऊ द्या.

वाचनवेडा_रत्नागिरी
या निमित्ताने एक सांगावंसं वाटतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या कापडगिरणीत जमीन खचून शाफ्टची रेषा हलायची आणि बेअरिंगं जायची. तिथल्या स्वेन विंगक्विस्ट या इंजिनिअरने १९०७ साली बॉलच्या दोन ओळींचं, स्वतःच तिरपं होऊन जुळवून घेणारं बेअरिंग काढलं. तुमचा पाया खचला नाही ना?

बंदरावरचा_हर्णै
पाया पक्का आहे, सिमेंटचा. ग्रीस चहासारखं झालंय, पातळ आणि तांबूस. जातं ते पुलीच्या बाजूचंच.

मालवणी_झील
तांबूस म्हणजे गंज. रोज मशीन धुतास काय? खाऱ्या पाण्यान?

बंदरावरचा_हर्णै
धुतो की. काम संपलं की लगेच, खाडीचं पाणी प्रेशरने. सगळेच धुतात.

फिटर_लोटे
हेच आधी सांगायला हवं होतं! बेअरिंग गरम असतं तेव्हा आतली हवा फुगलेली असते. त्यावर थंड पाणी पडलं की हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. त्यात मीठ. एका रात्रीत बॉलवर ठिपके पडतात आणि सकाळी तेच ठिपके रेस, म्हणजे बॉल फिरतात ती वाट, खरवडतात. धुण्याआधी अर्धा तास थांबा, ब्लॉकवर थेट झोत मारू नका. नंतर मशीन फिरतं ठेवून निपलमधून (ग्रीस भरायचं तोंड) ग्रीस द्या, सीलच्या कडेने ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. बंद मशीनमध्ये गन जोरात दाबली तर सीलच उडतं.

सॉमिल_गुहागर
ग्रीस एक तृतीयांशच भरावं, जास्त भरलं की तापतं.

फिटर_लोटे
जोरात फिरणाऱ्या मोटारीला ते लागू. हळू फिरणाऱ्या आणि पाण्यात भिजणाऱ्या जागी भरलेलं ग्रीसच पाणी अडवतं. आता पुलीची बाजूच का? पट्टा किती ताणलाय? दोन पुल्यांत मीटरभर अंतर असेल तर मधोमध दाबल्यावर साधारण १६ मिलिमीटर दबला पाहिजे. आणि बेअरिंग उतरवून शाफ्टवरून नख फिरवा.

बंदरावरचा_हर्णै
आत्ता खोलून बघितलं. पट्टा तारेसारखा ताठ होता, सैल केला. शाफ्टवर बेअरिंगच्या जागी नख अडकतंय, रिंगभर चर पडलाय. आतली रिंग शाफ्टला आवळणारे दोन्ही ग्रब स्क्रू हाताने फिरले. आता?

फिटर_लोटे
म्हणजे आतली रिंग शाफ्टवर सरकतेय. अशा शाफ्टवर कोणतंही बेअरिंग घाला, जाणारच. एक उपाय, तेवढी जागा वेल्डिंगने भरून लेथवर ३५ ला आणायची. स्क्रूवर भरवसा नसेल तर त्यानंतर यूके २०८ बेअरिंग आणि एच २३०८ स्लीव्ह (शाफ्टवर चढणारी नळी) लावा, ती नटाने आवळते आणि ३५ च्याच शाफ्टवर बसते. पण ब्लॉक पी २०८ चा लागेल. बोल्टच्या भोकांतलं अंतर १२७ चं १३७ होतं आणि मध्याची उंची १.६ मिलिमीटरने वाढते, म्हणून दुसऱ्या बाजूला तेवढी पत्री द्यावी लागेल.

बंदरावरचा_हर्णै
भोकं नवीन पाडायला वेळ नाही. शाफ्ट उद्या सकाळी दापोलीला लेथवर नेतो, यूसी २०७ च घालतो. तोवर बर्फ घणाने फोडू. स्क्रू किती दिवसांनी आवळायचे?

फिटर_लोटे
पहिल्या दिवशी काम संपल्यावर एकदा, मग आठवड्याला. शाफ्टवर स्क्रूच्या टोकाखाली ड्रिलने छोटी खाच पाडून घ्या, लेथवाल्याला आधीच सांगा.