मदत हवी आहे: लाँग क्यूटी (हृदयाच्या विजेचा, घराण्यात उतरणारा दोष). घरातले जुने ईसीजी जमवलेत, मोजायचे कसे?

सुरसागरकाठची:
नमस्कार. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. मुलगी चौदा वर्षांची. मे महिन्यात पोहण्याच्या शर्यतीत अर्ध्या अंतरावर हातपाय एकदम ढिले पडले. सरांनी ओढून काढलं, मिनिटभरात शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य, "माझा नंबर कितवा?"

पहिल्या दवाखान्यात ऊन बाधलं म्हणून ओआरएस देऊन घरी पाठवलं. ईसीजी काढला होता; मशीनने वर छापलं क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी, मिलिसेकंदात) ४४८, नॉर्मल. दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनी तोच कागद घेऊन पट्टी लावली आणि ४७८ सांगितले. लाँग क्यूटी सिंड्रोम, बहुधा पहिला प्रकार. पोहणं बंद, प्रोप्रानोलॉलची गोळी सुरू. मग विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?

सासऱ्यांची धाकटी बहीण चाणोदला नर्मदेत गेली, एकोणिसाव्या वर्षी. घरात सगळे "बुडाली" एवढंच म्हणतात. सासरे आज पहिल्यांदा बोलले, "ती आमच्यात सगळ्यात पट्टीची पोहणारी होती."

डॉक्टरांनी विचारल्यापासून कपाटं उपसतेय. सासऱ्यांचा २००९ चा ईसीजी सापडला (मोतीबिंदूच्या वेळचा), नवऱ्याचा विम्यासाठी काढलेला मिळाला. सासऱ्यांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीला चिकटून निम्मा पांढरा झालाय. यातून काही कळेल का? मुलीचा चोवीस तासांचा होल्टरही (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) झालाय. आणि जनुकीय तपासणी आधी कोणाची करायची?

इंदुरी_पोहे:
ताई, इंदूरला बारा वर्षं ईसीजी काढतोय. आधी एक काम: तो कागद थर्मल आहे, उष्णतेने आणि प्लास्टिकने उडतो. आजच्या आज फोटो काढा, झेरॉक्स करा.

मोजायचं असं. कागदावर लीड दोन किंवा व्ही पाच असं नाव असलेली ओळ घ्या. क्यू (उंच टोकाआधीचा छोटा खळगा) जिथे सुरू होतो तिथून टी लहर (टोकानंतरचा उंचवटा) संपेपर्यंत. टीच्या उतरत्या बाजूला पट्टी टेकवून रेघ खाली आणा, ती आडव्या रेषेला जिथे मिळते तो शेवट. मशीन बहुतेक वेळा या शेपटीशीच गंडतं. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असेल तर एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंद. समजा क्यूटी १० चौकोन, म्हणजे ४००. दोन आरमधलं (लागोपाठच्या उंच टोकांमधलं) अंतर साडेसतरा चौकोन, म्हणजे ०.७ सेकंद, वर्गमूळ ०.८३७. ४०० भागिले ०.८३७, आले ४७८. हे बॅझेटचं १९२० चं सूत्र. नाडी फार जलद असेल तर ते आकडा फुगवतं, म्हणून शांत बसलेल्या वेळचा कागद घ्या.

होल्टरवर छापलेला "कमाल क्यूटीसी" बघून घाबरू नका. तिथे बघायचं ते वेगळं: टीचा आकार, रात्री आणि धावपळीत क्यूटी कसा वागतो. अर्थ डॉक्टरांनीच लावायचा, मी नुसता तारा जोडणारा.

सुरसागरकाठची:
मोजले! सासरे: ११ चौकोन, आरआर २२, म्हणजे ४६९. पण नवरा ४३१. आजोबांकडून नातीला आलं असेल तर मधला माणूस कोरा कसा?

शिंद्यांची_छावणी:
कोरा नाही, दिसत नाहीये. आमच्या घरी हेच झालं. जनुकातला बदल असलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाचा विश्रांतीतला क्यूटीसी सरळ असतो. मुलांना उतरायची शक्यता निम्मी-निम्मी, मग तो पालक ठणठणीत का दिसेना. मिस्टरांची ट्रेडमिल चाचणी करून घ्या, थांबल्यावर चौथ्या मिनिटाचा क्यूटीसी बघतात. ४८० किंवा वर गेला तर निदानाच्या गुणांत धरतात. पहिल्या प्रकारात धावताना क्यूटी जितका आखडायला हवा तितका आखडत नाही.

जनुकीय तपासणी आधी मुलीची. तिच्यात नेमका बदल सापडला, तर बाकीच्यांत तेवढाच शोधतात, स्वस्तात होतं. आधी निरोगी दिसणाऱ्याची केली आणि काही नाही आलं, तर त्याचा अर्थच लागत नाही.

आणि औषधं! उलटीला ऑन्डॅनसेट्रॉन, डोमपेरिडोन, खोकल्याला अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही सगळी क्यूटी वाढवू शकतात. आम्ही चिठ्ठी मुलाच्या दप्तरात आणि फ्रीजवर, दोन्हीकडे लावलीये. गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही.

सुरसागरकाठची:
दोघांचे आभार. नवरा काल ट्रेडमिलवर चढला. चौथ्या मिनिटाला ४९२. उतरल्यावर बराच वेळ खुर्चीतच बसून होता, मग म्हणाला, "म्हणजे माझ्याकडूनच." मुलीचं रक्त सोमवारी देतोय. धाकट्याचा ईसीजी झाला, मोजायची माझी हिंमत होत नाहीये. उद्या फोटो टाकते, इंदुरी_पोहे, तुम्हीच बघा. इंदूरला दोन चुलत दीर आहेत. मोठे म्हणाले, आम्हाला काही होत नाही. धाकट्याने मात्र विचारलं, ईसीजी कुठे काढतात, रामबागेत की पुढे जायला लागेल?

इंदुरी_पोहे:
रामबागेतून पाठवा त्यांना, मी घेईन काढून. सकाळी नऊनंतर, चहा न घेता नको, नेहमीसारखं खाऊन-पिऊन या म्हणावं.